मामा, रेघ बाहेर गेली!

माझा भाचा पावणेतीन वर्षांचा आहे आणि त्याला रंगवायची भीती वाटायला लागली होती. ती मीच बसवली, हे आधीच कबूल करून टाकतो.

ताई आणि भावोजी सकाळीच डोंबिवली स्टेशन गाठतात. आईचे गुडघे दुखतात. माझं कॉलेज बाराला सुटतं. म्हणजे दुपारपासून दोघं घरी येईपर्यंत ड्युटी माझी. अशी ड्युटीवरची मामा-आत्या मंडळी आमच्या ग्रुपमध्येच तिघं आहेत, तुमच्यातही असतील. 'मोबाइल द्यायचा नाही' अशी ताईची तंबी होती, म्हणून फडके रोडवरून चित्रं रंगवायचं पुस्तक आणलं. त्याने हत्तीवर हिरवा खडू फिरवला की मी म्हणायचो, ''हत्ती हिरवा असतो का रे? रेघेच्या आत, आत!'' आठवडाभरात त्याने खडू माझ्याच हातात दिला. ''मामा, तू कर. रेघ बाहेर जाते.''

मानसशास्त्र घेतलेल्या मैत्रिणीला हा किस्सा हसत हसत सांगितला, तर तिने झापलंच. दोन-अडीच वर्षांचं पोर खडू मुठीत धरतं आणि हात हलवतं तो खांद्यापासून. मनगट आणि बोटं त्याच्या ताब्यात यायला अजून वेळ असतो. त्याला रेघेच्या आत राहा म्हणणं म्हणजे आपल्याला गर्दीच्या वेळी ठाण्याला चढून पेपर उलगडून वाचा म्हणण्यासारखं. आणि तो चित्र काढतच नसतो. आपण हात हलवला की मागे काहीतरी उमटतं, याचीच त्याला गंमत असते. आपण मात्र विचारत बसतो, ''हे काय काढलंस?''

यातलं काही नवीन नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग दगड, शिंपले, बिया, पानं यांचीच साधनं झाली.

हे वाचलं आणि मीही दुकानात जायच्या आधी घर धुंडाळलं. जुन्या असाइनमेंटचे पाठकोरे कागद निघाले. ते कपाटाच्या दारावर त्याच्या उंचीला चिकटवले. उभ्याने रंगवताना अख्खा हात मोकळा फिरतो. मेणाच्या लांब खडूंचे तुकडे केले, कारण तुकडा मुठीत नीट मावत नाही, बोटांनीच धरावा लागतो. (तुकडा फार लहान नको, तोंडात जातो. रंगवताना शेजारी बसायचं ते त्यासाठीच.) कणकेच्या पातळ खळीत बिटाचा रस घातला आणि अंघोळीआधी बाथरूमची भिंत त्याच्या ताब्यात दिली. पोटात गेलं तरी काळजी नाही. आई टाइल्सवरून कुरकुरली. पण २०२० मध्ये एमआयडीसीतला गुलाबी झालेला रस्ता बघितलेल्या डोंबिवलीकराने बिटाला काय घाबरायचं!

सगळ्यात हिट ठरलं ते पाणी. वाटीभर पाणी, भिंत रंगवायचा जुना ब्रश आणि गॅलरीची तापलेली फरशी. तो लांबच लांब पट्टे मारतो, ऊन ते पुसून टाकतं, तो ''गेलं!'' म्हणून ओरडतो आणि पुन्हा सुरू. चूक उरतच नाही. मला वाटतं, त्याची भीती गेली ती इथेच. अर्धा तास सहज जातो. खोटं कशाला बोलू, त्यात माझं एखादं प्रकरण वाचून होतं.

गप्प बसणं मला जड गेलं. 'वा, छान' हेसुद्धा सारखं म्हणायचं नाही, असं मैत्रिणीने सांगितलं होतं. त्याऐवजी ''केवढी लांब रेघ! इथून निघाली, पार तिथे गेली,'' असं जे दिसतंय तेच बोलायचं. लांब, आखूड, वर, खाली हे शब्द त्याने असेच उचलले. हिरवा-निळा मी शिकवायला बसलोच नाही. हवा तो खडू मागता मागता तो रंगांची नावंही घ्यायला लागला.

परवा कपाटाच्या दारावर त्याने गोल काढला. पहिल्यांदाच दोन्ही टोकं जुळली. त्यातून खाली दोन रेघा ओढल्या. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, ''मामा.''

मला पोट नाही, हात नाहीत आणि मी हिरवा आहे.