आधी आपला फोन खाली

मुलांना मोबाइल किती वेळ द्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. पण पुढे?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वाट काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलांचे आणि मोठ्यांचेही.

मर्म इथेच आहे. ज्या नियमातून आपण स्वतःला वगळतो, तो नियम राहत नाही, नुसता हुकूम होतो. आणि हुकूम आपली पाठ फिरताच मोडतो. ‘आजोबा, तुम्हीपण बघताच की!’ असं नातवंड म्हणतं, तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसतं. ते शब्दांत शोधू नये. आपला फोन खाली ठेवावा.