ने, ए, शी आणि ‘विथ’

‘मी सुरीने आंबा कापला.’ सातवीच्या वर्गात हे वाक्य इंग्रजीत करायला दिलं की निम्म्या वह्यांत ‘बाय नाइफ’ सापडे. मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना या चुकीवर मला कधी रागावता आलं नाही. ‘ने’ला ‘बाय’ हे समीकरण आम्हीच कर्मणी प्रयोग शिकवताना मुलांच्या डोक्यात पक्कं करतो. मराठीत करणाऱ्यालाही ‘ने’ आणि हातातल्या सुरीलाही ‘ने’. इंग्रजीत करणाऱ्याला ‘बाय’, हत्याराला ‘विथ’. (एसटीने गेलो तर मात्र ‘बाय बस’च.) थंडीने कुडकुडतो, तिथेही ‘विथ’.

आता तृतीयेचे प्रत्यय आठवा : ने, ए, शी. ‘ती त्याच्याशी बोलली’ यातल्या ‘शी’लाही ‘विथ’ चालतं. लग्नाला मात्र नाही. आपल्याकडे लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून मुलं ‘मॅरीड विथ’ लिहितात. इंग्रजीत ‘मॅरी’ला थेट कर्म लागतं.

आणि भांडण? ‘त्याच्याशी भांडली’, ‘फाइट विथ’. दोन्ही भाषा इथे अगदी जुळतात. सोबतीचा शब्द भांडणात कसा, हे एका मुलीने मला विचारलं होतं. तिच्यासाठी शब्दकोश उघडला आणि मीच हरखले. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थच ‘विरुद्ध’ होता! ‘विथस्टँड’, म्हणजे एखाद्यापुढे ठाम उभं राहणं, यात तो अजून शिल्लक आहे. म्हणूनच ‘ते फ्रेंचांविथ लढले’ अशा धर्तीचं इंग्रजी वाक्य नुसतं वाचून फ्रेंच मित्र की शत्रू, ते कळत नाही. मराठीत ‘फ्रेंचांशी’ आणि ‘फ्रेंचांच्या बाजूने’ यांत घोटाळा होत नाही, याचा मला अभिमान वाटतो.

मग सोबतीसाठी कोणता शब्द होता? ‘मिड’. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘मिट’ आजही रोज बोलला जातो. इंग्रजीत मात्र ‘विथ’ने मध्ययुगात हळूहळू त्याची जागा घेतली. ‘मिड’ची ती जुनी खूण एका शब्दात तेवढी राहिली : ‘मिडवाइफ’. ‘वाइफ’ म्हणजे तेव्हा नुसतीच बाई. बाळंतिणीच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. माझी आजी गावात सुईण होती. वेणा सुरू झालेल्या बाईचा हात धरून ती रात्रभर बसे. त्या दिवशी वर्गात मी शब्दाचा अर्थ सांगितला आणि मग आजीबद्दल बोलत राहिले. तास संपल्याची घंटा कुणीच ऐकली नाही.