न्यूमोनियाची लस आणि मोकळी झालेली जागा

लस यशस्वी झाली म्हणजे रोग संपला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. देवीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली आणि त्या एका विजयाने लोकांच्या अपेक्षा कायमच्या उंचावून ठेवल्या. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तदोष यांना कारण होणारा न्यूमोकोकस हा जिवाणू मात्र त्या साच्यात बसत नाही. त्याच्यावरील लशींनी गेल्या पंचवीस वर्षांत असंख्य बालकांचे प्राण वाचविले, यात शंका नाही. पण ज्या प्रकारांवर लशीने घाव घातला त्यांच्या जागी त्याच कुळातील दुसरे प्रकार येऊन बसले, हेही तितकेच खरे आहे.

१८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे ओळखलेल्या या जिवाणूभोवती शर्करेचे एक आवरण असते. या आवरणाच्या रचनेवरून त्याचे शंभराहून अधिक प्रकार पडतात. एका प्रकाराविरुद्ध शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे बहुधा दुसऱ्या प्रकारावर चालत नाहीत. म्हणून अधिक उपद्रवी असे निवडक प्रकार वेचूनच लस तयार करावी लागते. शिवाय या जिवाणूचे नित्याचे वसतिस्थान रुग्णाचे फुप्फुस नव्हे, तर निरोगी बालकाचे नाक आणि घसा हे होय. तेथे तो आठवडेच्या आठवडे काही त्रास न देता राहतो, घरातील इतरांकडे जातो आणि क्वचित एखाद्याच्या रक्तात उतरून घात करतो.

प्रौढांसाठी २३ प्रकारांची लस १९८३ पासून उपलब्ध होती. परंतु दोन वर्षांच्या आतील मुलांचे शरीर नुसत्या शर्करेला दाद देत नाही. ती शर्करा प्रथिनाशी जोडल्यावर ही अडचण दूर झाली आणि २००० साली अमेरिकेत सात प्रकारांची संयुक्त लस बालकांना देण्यास आरंभ झाला. हे सात प्रकार केवळ रक्तातूनच नव्हे, तर मुलांच्या घशातूनही हटू लागले. त्यामुळे ज्यांना लस टोचलेलीच नव्हती अशा आजीआजोबांचेही रक्षण झाले. लशीपूर्वी पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे गंभीर आजाराचे सुमारे ९९ रुग्ण आढळत. २००७ साली ते प्रमाण २४ च्या आसपास आले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी घसरण वारंवार पाहावयास मिळत नाही.

मात्र घसा रिकामा राहिला नाही. जिवाणू बाळगणाऱ्या मुलांची एकूण संख्या जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली; बदलले ते जिवाणूचे प्रकार. लशीत नसलेल्या '१९ए' या प्रकाराचे प्रमाण अमेरिकेत सर्व वयोगट मिळून लाखामागे ०.८ वरून २.७ वर गेले. लशीत त्याचा जवळचा भाऊ '१९एफ' होता. पण भावाविरुद्धची प्रतिपिंडे याच्या कामी आली नाहीत.

हा पाहुणा कोठून आला? बव्हंशी तो आधीपासूनच घरात होता. प्रबळ शेजारी गेल्यावर त्याला हातपाय पसरता आले, इतकेच. काही थोड्यांनी मात्र निराळी युक्ती केली. पूर्वी ४ क्रमांकाचे आवरण असलेल्या एका वंशाने १९ए चे आवरण निर्माण करणारी जनुके उचलली आणि लशीची नजर चुकविली. या अंगरखा बदलण्याच्या कलेचा पहिला दाखला लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ सालीच दिला होता. मृत जिवाणूंचा गुण जिवंत जिवाणूंनी घेतल्याचे त्यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले आणि त्याच धाग्यावरून पुढे १९४४ मध्ये अ‍ॅव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए असल्याचे सिद्ध केले. वैद्यकशास्त्राला एवढे मोठे रहस्य सांगणारा जिवाणू लशीपुढे मुकाट्याने मान तुकवील, ही अपेक्षाच भाबडी होती.

तरीही सारा दोष लशीच्या माथी मारणे न्याय्य नाही. दक्षिण कोरियात आणि इस्रायलमध्ये लशीचा व्यापक वापर सुरू होण्याआधीच १९ए वाढू लागला होता. अनेक प्रतिजैविकांना तो दाद देत नाही आणि ऊठसूट दिल्या जाणाऱ्या औषधांनी त्याचे प्रतिस्पर्धी परस्पर दूर केले. डॉक्टरांची लेखणीही या बदलात भागीदार आहे.

इंग्लंडचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे २००६ मध्ये सात प्रकारांची, तर २०१० मध्ये १९ए सह तेरा प्रकारांची लस आली. रोग झपाट्याने उतरला. परंतु २०१३-१४ नंतर ८, १२एफ आणि ९एन हे प्रकार वर आले आणि २०१६-१७ पर्यंत गंभीर आजाराच्या ४० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तेच सापडू लागले. एकूण रोग लशीपूर्व काळापेक्षा ३७ टक्क्यांनी कमीच होता, हे विसरता कामा नये. मुलांचा लाभ बराचसा टिकला; वृद्धांच्या पदरात पडलेला लाभ मात्र ओसरू लागला. गंमत अशी की, हे तिन्ही प्रकार वृद्धांसाठीच्या जुन्या २३ प्रकारांच्या लशीत आहेत; पण तिचे संरक्षण बेताचे, काळानुसार क्षीण होणारे, आणि घशातील जिवाणूला ती धक्का लावीत नाही. फ्रान्समध्ये २४एफ या प्रकाराने मुलांमधील मेंदूज्वराचे प्रमाण पुन्हा वर नेले.

यावर उत्पादकांचे उत्तर म्हणजे आकडा वाढविणे. १५ प्रकारांची लस झाली, २० ची झाली. २०२४ साली अमेरिकेत प्रौढांसाठी २१ प्रकारांची लस मंजूर झाली, जी प्रामुख्याने या नव्या भाडेकरूंचाच विचार करून रचलेली आहे. हा पाठलाग निरर्थक नाही, पण खर्चिक आहे. शिवाय फ्रान्सला सतावणारा २४एफ मुलांच्या २० प्रकारांच्या लशीत नाहीच.

भारताचा प्रश्न येथून सुरू होतो. २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार व उत्तर प्रदेशाच्या काही भागांत ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली; २०२१ मध्ये ती देशभर पोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांची स्वस्त लस तयार केली. आशिया-आफ्रिकेतील बालकांना अधिक छळणारे प्रकार तिच्यासाठी निवडले आहेत. तेरांच्या लशीतील ३, ४ आणि १८सी तीत नाहीत. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. पण ती कालच्या रोगचित्रावर आधारलेली आहे आणि कोट्यवधी बालकांना लस टोचल्यानंतर ते चित्र तसेच राहील, असे मानण्यास परदेशी अनुभवात आधार नाही.

उद्याचे चित्र कळण्याचा मार्ग प्रयोगशाळेतून जातो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजासारख्या संस्थांनी हे प्रकार ओळखण्याचे काम अनेक वर्षे चिकाटीने केले आहे. त्यांच्यापर्यंत जिवाणू पोचणे हेच अवघड आहे. तापाने फणफणलेले मूल जिल्हा रुग्णालयात येईपर्यंत बहुधा एकदोन प्रतिजैविके त्याच्या पोटात गेलेली असतात. मग रक्ताच्या नमुन्यात काहीच वाढत नाही आणि नोंदवहीत केवळ 'न्यूमोनिया' एवढाच शब्द उरतो. औषधापूर्वी रक्त घेण्याची शिस्त, नमुना वाढविण्याची सोय आणि निरोगी मुलांच्या घशाची ठराविक वर्षांनी तपासणी, यांचा खर्च लशीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तो टाळला, तर पुण्यात तयार होणाऱ्या पुढच्या लशीत कोणते प्रकार घालावयाचे, हे लंडन आणि अटलांटा येथील आकड्यांवरून ठरवावे लागेल.