तलफ येते आणि जाते

जुनी बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्या सभासदांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी

रायगडच्या किनाऱ्यावर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोठेही गेले तरी बिडीची सोबत दिसते. होडीवरचा खलाशी रात्री जाळी टाकून झाली की बिडी पेटवतो. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहणारा प्रवासी पेटवतो, भाताच्या लावणीत बांधावर बसलेला गडी पेटवतो आणि पाळी संपवून फाटकाबाहेर आलेला कामगारही पेटवतो. दारू पिणाऱ्याला घरचे आणि बाहेरचे सगळे बोल लावतात. बिडी ओढणाऱ्याला मात्र कोणी काही म्हणत नाही, कारण तो भांडत नाही, पडत नाही, पगार उडवत नाही. त्यामुळे वीस-तीस वर्षे ओढून झाल्यावर छाती भरून येऊ लागते, जिना चढताना धाप लागते, आणि तेव्हा माणूस म्हणतो, "आता सोडून काय उपयोग? जे व्हायचे ते झाले."

हा लेख मुख्यतः या एका वाक्याला उत्तर देण्यासाठी लिहिला आहे.

उशीर झाला आहे काय?

ब्रिटनमध्ये सर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली हजारो पुरुष डॉक्टरांची माहिती जमवायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. पण ज्यांनी मध्येच सोडली त्यांनी गमावलेली वर्षे परत मिळवली. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला ६ वर्षे, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ९ वर्षे आणि तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ सगळी १० वर्षे मिळाली. म्हणजे साठीतही उशीर झालेला नसतो. तीन वर्षांत नातीचे लग्न पाहता येते, मुलाचे घर उभे राहिलेले पाहता येते.

आपल्याकडे काही जण म्हणतात की सिगारेट वाईट, पण बिडी साधी, झाडाच्या पानाची. ही समजूत चुकीची आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही, म्हणून बिडी सारखी विझते आणि ती पेटती ठेवण्यासाठी जोराने व वारंवार झुरके घ्यावे लागतात. धूर छातीत खोलवर जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही भरपूर जातो. भारतातील लाखो घरांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी होते असे आढळले. क्षयरोग, दमा, हृदयविकार आणि कर्करोग ही त्यामागची मोठी कारणे होत.

सवय इतकी घट्ट का असते?

तंबाखू ही आपली पिढीजात वस्तू नव्हे. अमेरिका खंडातील ही वनस्पती पोर्तुगीजांनी भारतात आणली. रेवदंड्याच्या ज्या कोटाच्या भिंती आजही उभ्या आहेत, तेथे १७४० पर्यंत त्यांचीच सत्ता होती. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या कितीतरी पिढ्या तंबाखूवाचून जगल्या आणि कष्टही करीत होत्या. "बिडीशिवाय काम होत नाही" हे म्हणणे इतिहासालाही धरून नाही.

मग ती सुटत का नाही? याचे पहिले कारण निकोटीन. झुरका घेतल्यावर ते दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. पण रक्तातील निकोटीन दर दोन तासांनी साधारण निम्मे होते. ते उतरले की मेंदू पुन्हा मागणी करतो. ही मागणी म्हणजेच तलफ. रात्रभर झोपेत निकोटीन उतरलेले असते, म्हणून सकाळची पहिली बिडी सर्वांत गोड लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पेटवावी लागते, त्याचे व्यसन जड आहे असे समजावे. बिडीने "डोके शांत होते" असे आपण म्हणतो. खरे पाहता आधीच्या बिडीने लावलेली बेचैनी पुढची बिडी तेवढ्यापुरती मिटवते, इतकेच.

दुसरे कारण सरावाचे आहे. रोज २५ बिड्यांचे एक बंडल धरले तर वर्षाला ९,१२५ बिड्या होतात आणि ३० वर्षांत २,७३,७५०. एका बिडीचे दहाच झुरके मोजले तरी हात सत्तावीस लाखांहून अधिक वेळा ओठांकडे गेला. दर वेळी बरोबर काही तरी होते : चहाचा कप, जेवणानंतरचा हात, एस.टी.ची वाट, दोस्ताची हाक. म्हणून निकोटीन शरीरातून गेल्यावरही चहा पुढे आला की हात खिशाकडे जातो. ते सत्तावीस लाख वेळा गिरवलेले वळण असते. त्यावरून माणूस नालायक ठरत नाही. गिरवलेले वळण मोडायला वेळ लागतो, पण ते मोडते.

सोडल्यावर काय होते?

हे आधी माहीत असले म्हणजे माणूस घाबरत नाही. शेवटच्या बिडीनंतर वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो. एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. त्रास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होतो. चिडचिड होते, झोप लागत नाही, लक्ष लागत नाही, भूक वाढते, कोठा जड होतो. काहींना खोकला वाढतो, तेव्हा लोकांना वाटते की बिडी सोडून बाधले. खरे तर छाती स्वतःला साफ करीत असते. खोकला लांबला किंवा रक्त पडले तर मात्र डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काही किलो वजन वाढते, पण त्याचा धोका बिडीच्या धोक्यापुढे किरकोळ आहे. एक वर्षानंतर हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो आणि दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही सुमारे निम्मा होतो.

तलफ आली की काय करावे?

तलफेचा जोर साधारण तीन ते पाच मिनिटे टिकतो. ही या लेखातील सर्वांत उपयोगी गोष्ट समजावी. माणसाला वाटते, आता ओढली नाही तर ती वाढतच जाईल. तसे होत नाही. ती चढते, शिखरावर येते आणि ओढली नाही तरी उतरते.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मोठी लाट आली तर तांडेल तिच्याशी भांडत नाही आणि पाठही फिरवत नाही. तो होडीचे तोंड लाटेकडे ठेवतो आणि लाट खालून जाऊ देतो. अ‍ॅलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या उपचारात हीच उपमा वापरून एक पद्धत रूढ केली, आणि त्यांच्या विचारावर बौद्ध ध्यानपद्धतीचा प्रभाव होता. पद्धत सोपी आहे. तलफ आली की जागच्या जागी बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे आणि तलफ शरीरात कोठे जाणवते ते पाहावे : घशात, छातीत, की बोटांत. ती वाढते आहे की कमी होते आहे, एवढेच पाहत राहावे. वेदनेतून तृष्णा निर्माण होते हे आपण प्रवचनात ऐकतो. येथे ते पाच मिनिटांत स्वतःवर पडताळून पाहता येते.

प्रत्येक वेळी बसणे शक्य नसते. तेव्हा हातांना आणि तोंडाला काम द्यावे. सावकाश पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग चघळावी, अंगणात दोन फेऱ्या माराव्यात. पहिले काही दिवस चहा निम्मा करावा. धूम्रपान बंद झाल्यावर चहातील कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते, आणि त्यामुळे झोप उडते व बेचैनी वाढते. चहाची जागाही बदलावी. टपरीऐवजी घरी, उभ्याऐवजी बसून प्यावा. जेवण झाले की लगेच उठून स्वतःचे ताट स्वतः घासावे. ओले हात काडी ओढत नाहीत, आणि घरातील बाईलाही तेवढाच हातभार लागतो.

एक धोका येथे सांगितला पाहिजे. बिडी सोडून मिश्री, तंबाखू-चुना किंवा गुटखा धरणे म्हणजे सोडणे नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी जेमतेम चार प्रौढ धूम्रपान करणारे, तर चोवीसहून अधिक जण चघळण्याची वा लावण्याची तंबाखू वापरणारे आढळले. तोंडाच्या कर्करोगाचे मूळ तेथेच आहे.

एकदम सोडावी की हळूहळू?

ब्रिटनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिवस ठरवून एकदम सोडणारे लोक हळूहळू कमी करणाऱ्यांपेक्षा अधिक यशस्वी ठरले. म्हणून तारीख ठरवावी. आदल्या रात्री घरातील बंडल, काडेपेटी, थोटके, सगळे बाहेर टाकावे. अडीअडचणीसाठी एक बिडी माळ्यावर ठेवू नये.

कोणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी फक्त तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. हा आकडा निराश होण्यासाठी दिलेला नाही. मदत घ्यावी म्हणून दिला आहे. निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी वापरल्याने यशाची शक्यता दीडपटीने वाढते. जड व्यसन असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. हृदयविकार, दमा किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण धूम्रपान सोडल्यावर काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तेथे समुपदेशक बोलतात आणि पुढेही विचारपूस करतात. फोन करण्यात कमीपणा नाही.

आणि पुन्हा ओढली तर? लग्नात, मयतीला, दोस्ताच्या आग्रहाने एखादी ओढली जाते. मग "मोडलेच" म्हणून माणूस पूर्ण बंडल घेतो. नुकसान होते ते या दुसऱ्या निर्णयाने. एक बिडी ओढली तर ती एकच राहू द्यावी आणि पुढच्या तासापासून पुन्हा सुरुवात करावी. कायमची सोडलेल्या बहुतेकांनी आधी अनेक वेळा सोडलेली असते.

एकट्याने नव्हे, सगळ्यांनी

पंचशीलातील पाचवे शील आपण रोज घेतो. त्याचा अर्थ दारूपुरताच ठेवायचा की माणसाला गुलाम करणाऱ्या प्रत्येक वस्तूपर्यंत न्यायचा, याचा विचार ज्याने त्याने करावा. पण एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात लिहिलेली आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. पिढ्यान् पिढ्यांची ती रीत गावेच्या गावे मिळून सोडली गेली. एकट्या माणसाला जे जमत नाही ते सर्वांनी मिळून ठरवले की जमते.

आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास असतो आणि अनेक गावांत संध्याकाळी ग्रंथवाचन होते. सोडणाऱ्याला सर्वांत जास्त जपावे लागते तेही पहिल्या तीन महिन्यांत. दोन-चार जणांनी एकाच पौर्णिमेला सोडावी, रोज संध्याकाळी विहारात भेटावे आणि "आज कितवा दिवस?" एवढे एकमेकांना विचारावे.

विद्यार्थ्यांना एक विनंती. बाबांनी किंवा आजोबांनी "जा रे, बंडल घेऊन ये" म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिली काडी अनेकांच्या हाती अशाच कामातून येते. पण बाबांना चार लोकांत टोचून बोलू नका. लाज वाटलेला माणूस चोरून ओढतो. त्यांच्याजवळ बसून म्हणा, "बाबा, तुम्ही आम्हाला हवे आहात." सोडल्यावर पहिले पंधरा दिवस ते चिडतील, तेव्हा उलट उत्तर देऊ नका. ते चिडणे निकोटीनचे असते.

ज्या सभासदांना हा लेख वाचताना आपलाच खिसा आठवला, त्यांनी आजच तारीख ठरवावी आणि ती घरच्यांना सांगावी. पहिली तलफ येईल तेव्हा घड्याळात पाहावे आणि पाच मिनिटे थांबावे.