लाकडाचे घराणे

गवयाचे नाव मैफलीने होते. त्याची विद्या मात्र शिष्यांमुळे टिकते. सुतारकामालाही हा न्याय लागू पडतो, हे स्वीडनच्या कार्ल माल्मस्टेन यांच्या चरित्रावरून दिसून येते.

1888 साली स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी तरुणपणी एका कसबी सुताराच्या कारखान्यात उमेदवारी केली. पुढे 1916 मध्ये स्टॉकहोमच्या नव्या नगरभवनासाठी फर्निचरची स्पर्धा झाली, तीत पहिले आणि दुसरे अशी दोन्ही बक्षिसे त्यांनाच मिळाली. 1923 मध्ये युवराज गुस्ताव अडॉल्फ यांचा विवाह लुईझ माउंटबॅटन यांच्याशी झाला. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय हे या वधूचे धाकटे बंधू. त्या प्रसंगी राजधानीच्या नागरिकांनी आहेर केला तो उल्रिक्सडाल राजवाड्यातील दिवाणखान्याच्या सजावटीचा, आणि ते काम होते माल्मस्टेन यांचे.

पण 1930 मध्ये वारे फिरले. त्या वर्षीच्या स्टॉकहोम प्रदर्शनाने यंत्रयुगाला साजेशा, नक्षीविरहित घरांचा पुरस्कार केला. माल्मस्टेन यांनी उघड विरोध केला. लाकडाची जात, हाताची कारागिरी आणि खेड्यातील जुन्या घरांचा वारसा यांवर त्यांची निष्ठा होती. साहजिकच जुनाट म्हणून त्यांना नावे ठेवण्यात आली. मात्र नुसता वाद घालून ते थांबले नाहीत. त्याच साली त्यांनी स्टॉकहोममध्ये सुतारकामाची शाळा काढली.

जुन्याचा हा अभिमान आंधळा नव्हता. ऑलांड बेटावर फिन्स्ट्रोमच्या चर्चमध्ये एक साधी खुर्ची त्यांच्या नजरेस पडली. तिच्यावरून त्यांनी 1942 मध्ये ‘लिला ऑलांड’ ही खुर्ची बेतली. पाठीला बारीक उभ्या काठ्या, बैठकीला किंचित खोलगट आकार, दिखाऊपणा कुठेच नाही. ती आजही कारखान्यात तयार होते. म्हणजे यंत्राशी त्यांचे मुळातच वैर होते असे नव्हे. बंदिश जुनी, पण गळा आपला, असाच हा प्रकार.

सत्तरीच्या आसपास त्यांनी ओलांड बेटावरील व्हिकलबी गावी ‘कापेलागोर्डेन’ ही दुसरी शाळा उभारली. हात आणि बुद्धी यांनी एकमेकांच्या साथीने निर्मिती करावी, हे तिचे ब्रीद. 1972 मध्ये ते निवर्तले.

त्यांची पहिली शाळा आज लिंकोपिंग विद्यापीठात सामावली आहे. दुसरीतही शिकणाऱ्यांचे हात चालू आहेत. राजवाड्यातील दिवाणखाना पाहून लोक वाहवा करतील. परंतु आपला खरा वारसा माल्मस्टेन यांनी ठेवला तो या शाळांतल्या रंध्याच्या आवाजात.