जुळी आहेत? मग वार किती, ते विचारा



जोडकेळे खाल्ले की जुळी मुले होतात, ही समजूत पेडण्याच्या वाड्यांवर आम्ही अजून ऐकतो. नव्या सुनेच्या हातातून जोडकेळे काढून घेणाऱ्या आज्याही आम्ही पाहिल्या आहेत. केळ्याचा त्यात काही दोष नाही. साधारणपणे 80 ते 90 बाळंतपणांत एखादे जुळ्यांचे असते. आईच्या माहेरी जुळी झालेली असतील, किंवा तिचे वय पस्तिशीच्या आसपास असेल, तर शक्यता थोडी वाढते. मूल होण्यासाठी औषधोपचार घेतले असतील तर पुष्कळच वाढते.

जुळ्यांची बातमी आली की घरात आनंद होतो आणि लगेच मुलगे की मुली याची चर्चा सुरू होते. आमचे सांगणे असे की त्याआधी डॉक्टरांना एक निराळा प्रश्न विचारावा: वार एक आहे की दोन? हा प्रश्न विचारण्याची वेळ तिसऱ्या महिन्यात असते. ती टळली की खात्रीचे उत्तर मिळणे कठीण होत जाते.

हे आम्हालाही उशिराच कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण स्त्री काजूच्या हंगामात गरोदर होती. बिया वेचायच्या, बोंडे वाहायची. कोणालाच सवड नव्हती. पहिली सोनोग्राफी झाली ती पाचव्या महिन्यात. जुळी आहेत हे तेव्हा कळले, वार एक की दोन हे मात्र नक्की सांगता आले नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिचे पोट झपाट्याने वाढले. शेजारणी म्हणाल्या, जुळी आहेत, वाढणारच. मिस्सानंतर ती आम्हाला भेटली तेव्हा आम्हीही तेच म्हणालो. मग एका रात्री तिला धाप लागली म्हणून इस्पितळात नेले. एक बाळ पोटातच गेले होते. दुसरे जन्मले आणि दोन दिवस जगले. त्याचा बाप्तिस्मा आम्ही इस्पितळातच केला.

गुरे पाळणाऱ्यांना पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल. गाईला जुळी झाली, एक पाडा आणि एक पाडी, तर ती पाडी बहुधा वांझ निघते हे जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी 1779 मध्ये अशा पाड्यांचे वर्णन लिहून ठेवले. कारण मात्र 1916 च्या सुमारास अमेरिकेतील फ्रँक लिली यांनी दाखवले. गाईच्या पोटात दोन्ही वासरांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि पाड्याचे रक्त पाडीच्या अंगात खेळते. माणसांच्या जुळ्यांत असे वांझपण येत नाही, तेव्हा भावाबरोबर जन्मलेल्या मुलीविषयी कोणी भलता संशय धरू नये. पण रक्तवाहिन्या जोडल्या जाणे माणसांतही घडते. तेथे प्रश्न जिवाचा असतो.

जुळी दोन प्रकारची असतात. दोन वेगळ्या बीजांची असली तर प्रत्येकाला स्वतःची वार मिळते. एकाच बीजाचे दोन भाग होऊन झालेली असली, तर ते भाग केव्हा झाले यावर सारे अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत झाले तर वारा दोन. त्यानंतर झाले तर वार एकच. एकंदर जुळ्यांच्या पाच जोड्यांत साधारण एक जोडी अशी एका वारेवर वाढते. क्वचित दोघांची पाण्याची पिशवीही एकच असते, आणि मग नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती असते.

तिळारीच्या कालव्याचे पाणी घेणाऱ्यांना एका पाटावरची दोन शेते माहीत आहेत. वरच्याने बांध थोडा फोडला की खालच्याचे शेत कोरडे पडते, आणि वरच्याचेही पीक जास्त पाण्याने कुजते. एका वारेवरच्या शंभर जोड्यांपैकी 10 ते 15 जोड्यांत असेच होते. एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहत राहते. देणारे बाळ वाळते, त्याच्याभोवतीचे पाणी आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर भार पडतो आणि त्याच्या पिशवीत पाणी वाजवीपेक्षा फार वाढते. पोट एकाएकी वाढते ते या पाण्याने. हे बहुधा 16 ते 26 आठवड्यांच्या दरम्यान होते आणि काही दिवसांतच गंभीर रूप घेते. उपचार न झाल्यास बहुतेक वेळा दोन्ही बाळे जातात. 2004 मध्ये युरोपातील एका मोठ्या अभ्यासातून दिसले की, पोटात बारीक दुर्बीण घालून लेझर किरणांनी त्या जोडवाहिन्या बंद केल्या तर पाणी काढत राहण्यापेक्षा अधिक बाळे वाचतात. मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत हा उपचार होतो. पण तो वेळेवर कळला तरच उपयोग.

तो वेळेवर कळावा म्हणूनच तिसऱ्या महिन्यातील सोनोग्राफी. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 11 ते 14 आठवड्यांच्या आत ती करावी. दोन वारा एकमेकींना चिकटल्या असल्या तरी दोन पिशव्यांमधल्या पडद्याच्या बुंध्याशी मांसाची एक पाचर दिसते. वार एकच असली तर पडदा पातळ असतो आणि इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ येऊन टेकतो. पुढे ही पाचर विरत जाते. दुसऱ्या देशांत उशीर झाला तरी एक खूण उरते: एक मुलगा व एक मुलगी दिसली की वारा दोन असे समजतात. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आईबापांना त्या खुणेचा आधार नाही, तेव्हा तिसरा महिना चुकवून चालत नाही. सोनोग्राफीने बाळाला इजा होते, अशी भीती काही घरांत आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेल्या तपासणीने इजा होत नाही.

वार एक निघाली तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. दोन निघाल्या तर साधारण दर चार आठवड्यांनी. अहवालाच्या कागदावर वार किती ते लिहिले आहे ना, हे घरी येण्यापूर्वी पाहावे. लिहिलेले नसल्यास तेथेच विचारावे. विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही.

बाकीचे धोके दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आहेत. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आधीच जन्मतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाशयाच्या मुखाची लांबी सोनोग्राफीने मोजता येते. ती 25 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असली तर डॉक्टर सावध होतात. रक्तदाब चढण्याचा धोकाही एकट्या बाळाच्या मानाने दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी. काही स्त्रियांना डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून लहान मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. शेजारणीला दिले म्हणून आपण घेऊ नये. दोन बाळांना रक्त पुरवायचे असल्याने आईचे रक्त लवकर उतरते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, त्या अंगी लागत नाहीत.

पोट दोन-चार दिवसांत एकदम ताणले, पडल्यावर श्वास लागला, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे चमकू लागले, तोंड सुजले, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, पोट थांबून थांबून कडक होऊ लागले, किंवा बाळांची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नये. 108 क्रमांकाची गाडी फुकट येते. शेळीला दोन-दोन पिल्ले सहज होतात, असे एक आजोबा आम्हाला म्हणाले. शेळीची गोष्ट शेळीपाशी ठेवावी.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. जुळी असल्यास बाळंतपण मोठ्या इस्पितळातच ठरवावे, बांबोळीला किंवा डॉक्टर सांगतील तेथे. कोणत्या आठवड्यात बाळंत व्हायचे, हेही वार किती यावरून ठरते: एक असेल तर साधारण 36 ते 37 आठवडे, दोन असतील तर 37 ते 38.

पाळी चुकली की शेवटच्या पाळीची तारीख स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि तेथून बारावा आठवडा मोजून त्यावर खूण करावी. ती खूण काजूच्या दिवसांत आली किंवा लावणीच्या दिवसांत आली, तर त्या दिवशी कामाला दुसरे माणूस लावावे. वाड्यावर माणूस मिळाले नाही तर आम्हाला सांगावे. युवक मंडळातील कोणीतरी येईल.