डाउनलोडची नोंद आणि शेल-स्क्रिप्टमधील दोषशोधन

दूरच्या संग्रहातून आधारसामग्री उतरवून घेणारी शेल-स्क्रिप्ट रात्री चालावी, सकाळी ‘यशस्वी’ असा शेरा दिसावा आणि प्रत्यक्षात फाइल अपुरी असावी, हा प्रकार संशोधनास उघड अपयशापेक्षा अधिक घातक होय. अपयश दिसले तर काम पुन्हा करता येते. अपुऱ्या सामग्रीवर काढलेला निष्कर्ष मात्र तसाच पुढे जातो. ह्या प्रकाराची दोन कारणे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण प्रवाहांसंबंधीचे आहे. युनिक्स-पद्धतीत आज्ञेला दोन निर्गम-प्रवाह मिळतात : क्रमांक १ फलितासाठी, क्रमांक २ सूचना व त्रुटींसाठी. ह्रवोये निक्शिच ह्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले डब्ल्यूगेट आपला सारा वृत्तान्त दुसऱ्या प्रवाहात सोडते. म्हणून केवळ ‘>’ ह्या चिन्हाने तो फाइलीत वळवू गेल्यास नोंदीची फाइल रिकामीच राहते. दोषशोधनासाठी ‘सेट -एक्स’ लिहिले असता शेल प्रत्येक आज्ञा, चलांच्या जागी मूल्ये घालून, अंमलापूर्वी दाखविते. हा मागोवाही दुसऱ्याच प्रवाहात येत असल्याने दोन्ही नोंदी मिसळतात. ‘-ओ’ ह्या पर्यायाने डब्ल्यूगेटची नोंद स्वतंत्र फाइलीत ठेवणे, हा त्यावर सरळ उपाय होय.

नोंदीचा विस्तारही आवरला पाहिजे. फाइलीत लिहिताना प्रगती ठिपक्यांनी दर्शविली जाते. एक ठिपका १ किलोबाइटचा व ओळीत ५० ठिपके, ह्या मूळ मापाने १ गिगाबाइटच्या फाइलीस सुमारे २१,००० ओळी लागतात. त्यांत त्रुटीची एक ओळ सहज हरवते. ‘-एनव्ही’ पर्यायाने ठिपके गळतात; त्रुटी व आवश्यक माहिती तेवढी उरते.

दुसरे कारण समाप्ति-संकेतांकाचे. डब्ल्यूगेट यशासाठी ०, नेटवर्कच्या बिघाडासाठी ४ व सर्व्हरने त्रुटी कळविल्यास ८ हा अंक परत देते. परंतु नोंद पडद्यावरही दिसावी म्हणून ती पाइपमधून ‘टी’ ह्या आज्ञेकडे पाठविली, तर संपूर्ण साखळीचा संकेतांक शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. ‘टी’ने आपले काम चोख केलेले असते, अर्थात् संकेतांक ० येतो आणि अपयश झाकले जाते. आरंभी ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिल्यास साखळीतील कोणत्याही आज्ञेचे अपयश उघड होते. बॅशमधील ही सोय २०२४ च्या पॉझिक्स मानकातही समाविष्ट झाली आहे.

सारांश, नोंद दोषाचे कारण सांगते, तर संकेतांक दोष घडला की नाही ते सांगतो. दोहोंची जागा वेगळी राखून, संकेतांक तपासल्यानंतरच सामग्री विश्लेषणास घेणे इष्ट.